सूर होते, गळे होते, गाणीच नव्हती : 1883 सालच्या एका फिनिश कॉयरची केस

समजा तुम्ही कॉयर काढलाय. पोरं जमलीयेत, वरच्या पट्टीतले, खालच्या पट्टीतले सगळे आहेत, उत्साह तर नुसता उतू जातोय. आणि तालमीला बसल्यावर कळतं की ज्या भाषेत गायचं म्हणून हा खटाटोप केला, त्या भाषेत चार आवाजांत गाता येतील अशी धड गाणीच फार थोडी आहेत, आहेत त्यातली बरीच दुसऱ्या भाषेतून आलेली, आणि ती चालीवर बसवायला गेलं की शब्दांचे हातपाय मोडतात.

हेलसिंकीत 1883 साली युनिव्हर्सिटीतल्या फिनिश बोलणाऱ्या पोरांचं साधारण हेच झालं. कॉयरचं नाव युलिओप्पिलासकुन्नन लाउलायात, म्हणजे विद्यार्थी संघाचे गायक. तिकडे सगळे नुसतं वायएल म्हणतात, मीपण तेच म्हणतो. काढणारा पेक्का युहानी हान्निकाइनेन, वय तिशीच्या आत. फिनिश भाषेत गाणारा हा तिथल्या विद्यार्थ्यांचा पहिला कॉयर.

फिनलंडची ओळख कोरल संगीताने घडवली अशी वाक्यं पुष्कळ वाचायला मिळतात, आणि मग लगेच तिथला सगळ्यात नावाजलेला संगीतकार सिबेलिउस याचं नाव येतं आणि सगळे माना डोलावतात. मला या केसमध्ये वेगळीच गंमत दिसते. इथे संगीतकाराच्या आधी गिऱ्हाईक आलं. गाणारे आधी तयार झाले, त्यांना गाणी हवी होती, आणि त्या टंचाईतून पुढे ज्याला फिनिश आवाज म्हणतात तो निघाला. कसा ते बघू.

आधी थोडं मागचं

1809 पर्यंत फिनलंड सहाएक शतकं स्वीडनकडे होता. मग रशियाने जिंकला आणि झारच्या हाताखालची ग्रँड डची झाली, म्हणजे कायदे बरेचसे जुनेच, धर्म लुथरनच, पण वर बसलेला झार. कोर्टकचेरी, कॉलेज, घरातली सुशिक्षित गप्पा सगळं स्वीडिशमध्ये. खरं तर दर सात माणसांमधली सहा फिनिश बोलणारी, पण ती शेतावर आणि जंगलात, कागदावर कुठेच नाही. तुर्कूची जुनी युनिव्हर्सिटी 1827 च्या मोठ्या आगीत होरपळली आणि पुढच्या वर्षी हेलसिंकीला हलवली, त्यामुळे नव्या राजधानीत एकदम तरुण पोरांचा घोळका आला.

त्या पोरांना गाणं शिकवायला 1835 मध्ये आला फ्रेडरिक पासिउस. हॅम्बुर्गचा जर्मन, व्हायोलिनवाला, तेव्हाचा नावाजलेला जर्मन संगीतकार श्पोर याचा शिष्य. त्याने 1838 मध्ये विद्यार्थ्यांचा कॉयर काढला, आकादेमिस्का सोंगफोरेनिंगेन, तो अजून चालू आहे. मॉडेल जर्मनीचं आणि स्वीडनमधल्या उप्सालाचं, म्हणजे चार आवाजांत गाणारे पुरुष, साथीला वाद्य नाही. पुरुषच का, तर युनिव्हर्सिटीत तेव्हा बायकांना प्रवेशच नव्हता, पहिली मुलगी 1870 मध्ये आली आणि तीही खास परवानगी काढून. तर हा कॉयर गायचा मुख्यतः स्वीडिशमध्ये. कुणाला त्यात काही खटकलंही नाही, कारण कॉलेजात आलेला पोरगा स्वीडिश बोलतो हे गृहीतच होतं.

13 मे 1848

ही तारीख फिनलंडमध्ये शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. वसंताचा फ्लोरा दिवस, हेलसिंकीच्या बाहेर कुमतॅहती नावाचं कुरण, आणि विद्यार्थ्यांची जत्राच म्हणा ना. पण साल बघा. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजा पळाला होता, मार्चमध्ये व्हिएन्ना आणि बर्लिन पेटलं होतं, आणि इकडे झार निकोलस पहिला, ज्याला चार पोरं एकत्र उभी दिसली तरी संशय यायचा. अशा वेळी शेकडो विद्यार्थी झेंडा घेऊन कुरणावर चाललेत म्हटल्यावर वरच्या लोकांच्या पोटात गोळा आला असणार.

झालं काय, तर कवी रुनेबेरीची दोन वर्षांपूर्वी छापलेली कविता, व्होर्ट लांद, म्हणजे आपला देश, पासिउसने थोड्याच दिवसांत चालीवर बसवली आणि ती तिथे पहिल्यांदा गायली गेली. फ्रेडरिक सिग्नेउसने फिनलंडच्या नावाने भाषण ठोकलं. मग सगळे शांतपणे घरी गेले. दगड नाही, बॅरिकेड नाही, काही नाही.

कविता वाचली की हुशारी कळते. त्यात झार नाही, राजा नाही, शत्रू नाही. डोंगर, दऱ्या, किनारे आहेत, आणि एक ओळ आहे जी मला फार आवडते, तिचा अर्थ असा की आमचा देश गरीब आहे, आणि ज्याला सोनं हवंय त्याला तो गरीबच वाटणार. आता यावर सेन्सॉर काय आक्षेप घेणार? कुणाविरुद्ध काही नाहीच तर. आणि तरी गाणाऱ्या प्रत्येकाला समजतंय की आपण झारच्या साम्राज्याचं गाणं म्हणत नाही आहोत.

पण हिशोब मांडा जरा. कवी स्वीडिश भाषेचा. चाल जर्मन माणसाची. गाणारे स्वीडिशमध्ये शिकलेले. आणि हे पुढे झालं फिनलंडचं राष्ट्रगीत. वर आणखी कडी म्हणजे खाडीपलीकडे एस्टोनियात, 1869 च्या तार्तूच्या गाण्याच्या मेळाव्यात, याच चालीवर यानसेनचे एस्टोनियन शब्द गायले गेले, आणि आज दोन्ही देशांच्या राष्ट्रगीताची चाल एकच आहे. फुटबॉल मॅचला दोन्ही टीम समोरासमोर उभ्या राहिल्या की तीच चाल दोनदा वाजते.

दोन वर्षांनी, 1850 मध्ये, झारच्या सरकारने फिनिश भाषेत धार्मिक आणि शेतीउद्योगाची पुस्तकं सोडून काही छापायचंच नाही असा हुकूम काढला. शेतकऱ्याच्या हातात कादंबरी पडली तर तो विचार करायला लागेल ही भीती. गाणं मात्र पाठ झालं की त्याला छापखाना लागत नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता खरी अडचण

मग 1863. झार अलेक्झांडर दुसऱ्याने, फिनिश भाषेसाठी झटणारा विचारवंत स्नेलमन याच्या पाठपुराव्यावर, भाषेचा हुकूम काढला की 20 वर्षांत फिनिशला सरकारी कामकाजात स्वीडिशच्या बरोबरीने आणायचं. 1863 अधिक 20 म्हणजे 1883. वायएलचं साल तेच निघावं हा योगायोग असेल, पण त्या पिढीच्या डोक्यात ती मुदत टिकटिकत होती हे नक्की. शाळा फिनिशमध्ये सुरू झाल्या होत्या, त्यातून पास झालेली पोरं आता युनिव्हर्सिटीत पोचत होती, आणि त्यांना स्वीडिश गाणी म्हणायची नव्हती.

तर गायचं काय? एक सोपा मार्ग, आहेत त्या स्वीडिश आणि जर्मन गाण्यांना फिनिश शब्द लावा. आणि इथेच घोडं अडतं. हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळी केस या एका गोष्टीवर फिरते.

फिनिशमध्ये प्रत्येक शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर असतो. अपवाद जवळपास नाहीच. आणि जर्मन किंवा स्वीडिश गाण्याची चाल बहुतेक वेळा समेच्या आधी एक सूर घेऊन उठते, कारण त्या भाषांमध्ये ओळीच्या सुरुवातीला ठेवायला हलकेफुलके छोटे शब्द भरपूर, आर्टिकल आहेत, शब्दयोगी आहेत, तो एक शब्द समेच्या आधी टाकला की जोराचा शब्द बरोबर समेवर येतो. फिनिशमध्ये आर्टिकल नाहीत, आणि शब्दयोगींचं बरंचसं काम शब्दाला शेपूट जोडून होतं, आपल्या घरात, घरातून, घराला सारखं. म्हणजे ओळ सुरू होते ती थेट दणक्यात. आता ती जर्मन चालीवर टाका, पहिलं जोराचं अक्षर समेच्या आधी हवेत लटकतं आणि दुसरं बिनजोराचं अक्षर समेवर आपटतं. फिनिश कानाला ते फार वाईट लागतं.

त्यात ऱ्हस्वदीर्घाचा वेगळा ताप. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, आणि तुल्लि म्हणजे जकात. आपल्याकडे दिन आणि दीन, सुत आणि सूत यांचं होतं तसंच, पण तिथे बोलतानाही हा फरक कसोशीने पाळतात. ऱ्हस्व अक्षरावर चालीने लांब सूर दिला की देशभक्तीच्या गाण्यात आगीऐवजी वारा यायचा.

यावर भाषांतरकारांनी काय युक्ती काढली ते राष्ट्रगीतातच दिसतं. आज फिनिशमध्ये जे शब्द गातात ते पावो कायान्देरचे, 1889 चे. त्याच्या आधी यूलिउस क्रूनने 1867 मध्ये केलेलं भाषांतर होतं. कायान्देरच्या पहिल्या कडव्याच्या सहा ओळी घ्या आणि नुसते पहिले शब्द बघा : ओइ, सोइ, एइ, एइ, कुइन, मा. सहाच्या सहा एका अक्षराचे! ओइ म्हणजे अगं, सोइ म्हणजे निनाद, एइ म्हणजे नाही, कुइन म्हणजे पेक्षा, मा म्हणजे भूमी. म्हणजे प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक छोटासा शब्द पाचरीसारखा ठोकलाय, की तो समेच्या आधी जाईल आणि पुढचा खरा शब्द समेवर येईल. ओइ मामे सुओमि स्युन्युइनमा, यातला ओइ आधी उचलायचा आणि मामेच्या मा वर सम. मोबाइलवर लावा आणि टाळी धरून ऐका, लगेच कळेल. ओइ ऐकताना भावना उचंबळून आल्यासारखी वाटते, आणि प्रत्यक्षात ती सुतारकामातली पाचर आहे. मला हे कळल्यापासून ते गाणं जास्तच आवडायला लागलं.

पण अशी पाचर प्रत्येक गाण्यात, प्रत्येक ओळीत कुठवर मारणार. शंभर गाण्यांत ओइ ओइ केलं तर लोक हसतील.

दुसरा मार्ग, लोकगीतं चार आवाजांत बसवायची, तो पुष्कळ वापरला गेला आणि चांगला चालला. तिसरा मार्ग, नवी गाणी मुळात फिनिशमध्येच करून घ्यायची. एमिल गेनेत्सचं हेरॅ सुओमि, जागा हो फिनलंड, हे या काळातलं गाजलेलं गाणं, शब्द त्याचा भाऊ आर्विदचे, टोपणनाव आर्वि यान्नेस. जोरकस आहे, छाती फुगवून गाता येतं, सभेत लोक उठून उभे राहतील असं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर कपडे फिनिश आणि अंगकाठी जर्मन. स्वरांची ठेवण तीच, नुसते शब्द आपले.

गावाकडे काय चाललं होतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण हेलसिंकीच्या पोरांबद्दल सगळे लिहितात आणि गावातल्या कॉयरना दोन ओळीत उरकतात. मला ते अन्यायाचं वाटतं. फिनिश भाषेत शिक्षक तयार करणारी पहिली सेमिनरी 1863 मध्ये यिवास्कुलाला निघाली, तिथल्या शिक्षकाला गाणं शिकणं भाग होतं. तिथे संगीत शिकवणारा एरिक आउगुस्त हागफोर्स. म्हणजे दरवर्षी काही शिक्षक गावोगाव जायचे, शाळा उघडायचे, आणि शाळेबरोबर कॉयर. चर्चमध्ये एकत्र गायची सवय लोकांना होतीच, आता त्याच गळ्यांना चार आवाजांत उभं केलं. आणि इथे बायकाही गायच्या.

लोकशिक्षणासाठी 1874 मध्ये कान्सानवालिस्तुसेउरा नावाची संस्था निघाली होती, तिने 1884 मध्ये यिवास्कुलातच पहिला राष्ट्रीय गायन मेळावा भरवला. कल्पना एस्टोनियाकडून उचललेली. मग ठिकठिकाणी असे मेळावे होत गेले. आता विचार करा, वर्तमानपत्रात भाषण छापायचं तर सेन्सॉर, राजकीय सभा घ्यायची तर परवानगी, पण जूनमध्ये न मावळणाऱ्या उजेडात कॉयर एकत्र येऊन गातायत, त्याला कोण अडवणार. दूरदूरच्या गावातली माणसं पहिल्यांदा एकमेकांना भेटत होती आणि भेटल्या भेटल्या एकच गाणं म्हणू शकत होती, कारण ते दोघांनीही आपापल्या शाळेत पाठ केलेलं.

हान्निकाइनेनसुद्धा नंतर हेलसिंकी सोडून यिवास्कुलाच्याच सेमिनरीत शिकवायला गेला आणि पुढची बरीच वर्षं तिथे रमला, यावरून खरा कारखाना कुठे होता ते समजा.

एक बोचरी गोष्टही याच काळातली. भाषेवरून विद्यार्थी फुटले. स्वीडिश गाणारे वेगळे, फिनिश गाणारे वेगळे, एकाच गावात दोन दुकानं. 1889 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात जाऊन फिनलंडचं गाणं युरोपला ऐकवलं ते मुन्त्रा मुसिकान्तर या स्वीडिश भाषिकांच्या कॉयरने. फिनिशवाल्यांना काय वाटलं असेल!

सिबेलिउस, आणि दुसरा नंबर

जाँ सिबेलिउस हॅमेनलिन्नाचा, जन्म 1865, घरची भाषा स्वीडिश, पण आईने पोराला गावातल्या फिनिश शाळेत घातलं. हे फार कामी आलं. फिनिश त्याला बाहेरून शिकलेल्या माणसासारखी ऐकू यायची, म्हणजे जे घरच्यांच्या लक्षात येत नाही ते त्याच्या कानाला टोचायचं.

1891 मध्ये तो पोर्वोला जाऊन लारिन पारास्के या म्हातारीला भेटला, जिला शेकडो जुन्या रचना तोंडपाठ होत्या. लोन्रोतने ज्या गाण्यांमधून कालेवाला हे फिनिश महाकाव्य बांधलं त्याच परंपरेतली बाई. या गाण्यांचा छंद म्हणजे आठ अक्षरं, आपल्या अष्टाक्षरीसारखा, पण जोर पहिल्या अक्षरापासून. वका वान्हा वाइनामोइनेन, मोजा : व, का, वान, हा, वाइ, ना, मोइ, नेन. आणि गाताना खूपदा काय करतात, पहिल्या सहा अक्षरांना एकेक मात्रा, शेवटच्या दोन अक्षरांना दोन दोन. झाल्या दहा. दहा मात्रा म्हटल्यावर आपल्याला झपताल आठवेल, पण इथे विभागणी वेगळी, शेवटी पाय ओढल्यासारखी. युरोपच्या कागदावर हे पाच ठोक्यांचं लिहिलं जातं, आणि युरोपला तेव्हा पाच ठोके म्हणजे विचित्रच.

बघा कसं सुटलं कोडं. समेच्या आधी काही घालायचंच नाही. ओळ थेट समेवरच उतरते. पाचर नको, ओइ नको.

28 एप्रिल 1892 ला कुल्लेर्वो झालं, ऑर्केस्ट्रा आणि पुरुषांचा कॉयर, त्यातल्या तिसऱ्या भागात कॉयर पाच ठोक्यांमध्ये, बहुतेक एकाच सुरात, गोष्ट सांगितल्यासारखा गातो. कीर्तनकार आख्यान लावतो ना, तसा. सजावट कमी आणि शब्द पुढे. मग 1893 मध्ये खास वायएलसाठी वेनेमात्का, नावेतला प्रवास, शब्द कालेवालामधले. छोटंसं, दीड दोन मिनिटांचं गाणं, पण त्यात शब्द जसे बोलतात तसे पळतात.

आणि 1894 मध्ये वायएलने स्पर्धाच लावली. टंचाईवर सरळ उपाय, बक्षीस ठेवा आणि गाणी मागवा. सिबेलिउसने राकास्तावा पाठवलं, प्रियकर, शब्द कान्तेलेतार या लोकगीतांच्या संग्रहातले, हळुवार, झुंजुमुंजु उजाडल्यासारखं. परीक्षकांनी त्याला दुसरा नंबर दिला. पहिला कुणाचा? गेनेत्सच्या हक्का पॅल्लेचा. ही जुनी फिनिश घोडदळाची आरोळी, तुटून पडा अशा अर्थाची, आणि ते घोडदळ लढत होतं स्वीडनच्या राजासाठी, तीस वर्षांच्या युद्धात.

यावर हसायला येतं, पण परीक्षकांना मी मूर्ख म्हणणार नाही. 1894 मध्ये राष्ट्रीय गाणं कसं वाजतं असं कुणालाही विचारलं असतं तर हक्का पॅल्लेसारखंच सांगितलं असतं, कारण तोवर कानात तेच होतं. राकास्तावा पोरांना गायला अवघडही होतं, सिबेलिउसने त्याच वर्षी तंतुवाद्यांची साथ जोडून एक आवृत्ती केली आणि पुढे 1898 मध्ये मिश्र कॉयरसाठीही. मुद्दा असा की ज्या कॉयरने त्याला दुसरा नंबर दिला तोच त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येत राहिला. 1895 मध्ये सारेल्ला पला, 1898 मध्ये सोर्तुनुत अॅनि आणि किवीच्या कवितेवरचं सिदामेनि लाउलु. आई आपल्या पोराला मृत्यूच्या शांत राईबद्दल गाते ते हे शेवटचं. देशाचं नाव नाही, झेंडा नाही, आणि तरी याहून फिनिश गाणं मला सांगता येणार नाही.

1899 ला उलटंच झालं

15 फेब्रुवारी 1899 ला निकोलस दुसऱ्याने जाहीरनामा काढला आणि फिनलंडच्या कायद्यांवर वरून हात ठेवायचा अधिकार घेतला. लोकांनी दोन आठवड्यांत साधारण 5 लाख 23 हजार सह्या गोळा केल्या, स्कीवर घरोघर फिरून, आणि 500 माणसं त्या घेऊन सेंट पीटर्सबर्गला गेली. झारने भेटच दिली नाही.

26 एप्रिलला हेलसिंकीत सिबेलिउसची पहिली सिम्फनी पहिल्यांदा वाजली, पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते त्याच मैफिलीतल्या अथेन्सकरांच्या गाण्याला. मुलं आणि पुरुष, एकाच सुरात, चार आवाजांची कलाकुसर सगळी बाजूला ठेवून. विषय प्राचीन ग्रीसचा, लढून मरणाऱ्या तरुणाचा, फिनलंडचा फ चाही उल्लेख नाही. सेन्सॉरने काय करावं, पेरिक्लिसला अटक करावी? आणि शब्द? स्वीडनचा कवी व्हिक्टर रीदबेरी, म्हणजे मूळ स्वीडिशमध्ये. 16 वर्षं जी पोरं भाषेवरून भांडली त्यांच्या देशाने सगळ्यात अवघड वेळी जे गाणं उचललं ते पुन्हा स्वीडिशमधून आलेलं, आणि त्या संध्याकाळी त्याबद्दल कुणी तक्रार केली असेल असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वर्तमानपत्रवाल्यांच्या मदतीसाठी जो कार्यक्रम झाला त्यात पुढे फिनलांदिया नावाने जगभर गेलेलं संगीत पहिल्यांदा वाजलं. त्यात कॉयर नव्हता, नुसता ऑर्केस्ट्रा, आणि मधली ती शांत चाल, जी ऐकून वाटतं की ही तर गाण्यासाठीच केलीये. लोकांनी मग वेगवेगळे शब्द लावून बघितले. आज जे गातात ते कवी कोस्केन्निएमीचे, 1940 चे, रशियाशी हिवाळी युद्ध झाल्यानंतरचे. आता ही चालही समेच्या आधीच उठते, पहिला ठोका रिकामा सोडून. कोस्केन्निएमीने तिथे काय बसवलं असेल?

ओइ सुओमि.